सासरा-जावई खटका

बंदुकीच्या धंद्यातले निम्मे शब्द म्हणजे कोणाची तरी आडनावं असतात. माउझर म्हणजे दोन भाऊ. कोल्ट म्हणजे एक गृहस्थ. श्रापनेल हा तोफखान्यातला अधिकारी, त्याचं नाव पुढे डॉक्टर लोक जखमी माणसांच्या मांसातून चिमट्यानं काढू लागले. माणूस जातो आणि नाव लोखंडाला चिकटून बसतं. मला हे शब्दकोशाच्या कचेरीत नोकरी लागल्यावर कळलं. माझ्या मावशीला ते सातवी नापास असून माझ्या कितीतरी आधी कळलं होतं, आणि त्या ज्ञानाचा तिनं जो उपयोग केला तो मी इथे सांगणार आहे. ती चांगली बाई होती का, असं शेवटी कोणी विचारू नये. मला त्या प्रश्नाचा कंटाळा आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. गल्लीत तिला कानसमावशी म्हणत, कारण तिच्या हातात लोखंड घासायची कानस नसेल असा दिवस कोणी पाहिला नव्हता. ती गल्ली बंदुका बनवणाऱ्यांची आणि दुरुस्त करणाऱ्यांची होती. शिकारीच्या दुनळ्या, बहुतेक. मावशी ज्या कारखान्यात होती तो म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. सगळ्या खिडक्या उत्तरेला, कारण तिकडचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. खिडक्यांखाली ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलाला लोखंड पकडून ठेवणारा शेगडा ठोकलेला. एका टोकाला नळीवाले, मध्ये दस्तेवाले, दुसऱ्या टोकाला चापवाले. मावशी आली ती बंदुकांना तेल लावून कागदात गुंडाळायला. दोन वर्षांत ती चापवाल्यांच्या टेबलावर बसली. त्या टेबलावरची पहिली बाई. पहिले सहा महिने तिच्याशी कोणी बोललं नाही. ती म्हणायची, "बरं झालं, काम शिकून झालं."

त्या कामाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बंदुकीचा एखादा सुटा भाग बसवायचा असेल तर तो आधी दिव्याच्या ज्योतीवर धरून काळा करायचा. मग जागेवर बसवायचा आणि परत काढायचा. जिथे काजळी पुसली गेली तिथे तो घासतोय, तेवढंच कानशीनं खायचं. पुन्हा काळा करायचा, पुन्हा बसवायचा. असं दिवसभर. सगळीकडून काजळी सारखी पुसली गेली की भाग बसला. दोन लोखंडांच्या मधून श्वास जाता कामा नये, हा त्या गल्लीचा अभिमान. आणि त्या गल्लीतली सगळ्यात वाईट शिवी म्हणजे 'हवा जाते'. कामाला म्हणायचे, माणसाला म्हणायचे, एखाद्याच्या संसारालाही म्हणायचे.

मावशीचे यजमान मधल्या टेबलावर. खांद्याला टेकणारे लाकडी दस्ते कोरायचे म्हणून दस्तेकाका. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत काका त्याची मान, खांदा, हाताची लांबी डोळ्यांनी मोजून मोकळे झालेले असत. आणि तोंड बंद ठेवणं त्यांना जमत नसे. एका जाड्या गिऱ्हाइकाला ते म्हणाले होते, "साहेब, दस्ता आखूड करतो, मध्ये बरंच काही आधीच आहे." गिऱ्हाईक हसलं. काकांना सगळे हसून सोडून देत, आणि काकाही सगळ्यांना हसून सोडून देत. मावशीला त्यांची हीच गोष्ट आवडायची आणि हीच खटकायची.

मालकांना मुलगा नव्हता. गल्लीतल्या बाकीच्या पाट्यांवर 'आणि पुत्र' लिहिलेलं असे. मालकांना एकच मुलगी. तिचं लग्न झाल्यावर त्यांनी जावयाला धंद्यात घेतलं आणि पाटी रंगवली : 'सासरे-जावई, बंदूकवाले'. लोक हसले, पण पाटी लक्षात राहिली. मालक हुशार होते. जावईबापूही हुशार होते, पण ते आपण हुशार असल्याचं दिवसातून चारदा सांगत.

एके दिवशी दुरुस्तीला एक दुनळी आली. गिऱ्हाईक म्हणालं, रिकामी आहे. गिऱ्हाइकं नेहमी असंच म्हणतात. कोणीतरी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि ती घसरून पडली. चापाला कोणाचं बोट लागलं नव्हतं, पण पडण्याच्या धक्क्यानं काडतुसावर आपटणारा घोडा आपल्या खाचेतून निसटला आणि काडतूस उडालं. छर्रे काकांच्या टाचेत गेले. मालक धावत आले. मावशी शपथेवर सांगायची की त्यांनी आधी बंदूक उचलून दस्त्याला ओरखडा गेलाय का ते पाहिलं आणि मग काकांकडे वळले. काका जमिनीवर बसून म्हणाले, "बरं झालं, उद्यापासून नाचायला कोणी बोलावणार नाही." जन्मभराचा लंगडेपणा आला.

पायाला पट्टी बांधून घरी बसलेल्या माणसाला विचार करायला वेळ असतो. काकांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. चाप न ओढता घोडा सुटलाच, तर त्याला वाटेत अडवायला आणखी एक दात का नसावा? चाप ओढला की तो दात बाजूला सरकेल आणि घोड्याला जाऊ देईल. चाप ओढला नसेल तर तिथेच उभा राहील आणि घोड्याला पकडेल. कल्पना काकांची. त्यांनी लाकडाचा हातभर मोठा नमुना कोरला. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन वर्षं होता. मी लहानपणी त्यांच्याकडे जायची तेव्हा ताटाशेजारी तो असे, आणि काका माझ्याकडून त्याचा घोडा सोडवून घेत. खट् करून तो अडकला की म्हणत, "पकडला चोर."

लोखंडात तो दात, म्हणजे खटका, उतरवला मावशीनं. आणि पहिलाच खटका फसला. तिनं तो गल्लीच्या रीतीनं बसवला होता, काजळी लावून, घोड्याला अगदी टेकवून, श्वास जाणार नाही असा. तीस-पस्तीस बार झाल्यावर तो अडवेना. काढून पाहिलं तर दाताचं टोक झिजून गोल झालेलं. घोडा प्रत्येक वेळी त्याला घासून जात होता. मावशी चार दिवस कोणाशी बोलली नाही. इतकं चांगलं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं आणि तेच फसलं होतं. पाचव्या दिवशी काका म्हणाले, "अगं, पहारेकरी चोराच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला तर दोघांची दोस्तीच व्हायची. जरा लांब उभा कर त्याला."

तिनं फट ठेवली. वर्तमानपत्राच्या कागदाएवढी, जास्त नाही, कमी नाही. पाचशे बार झाले तरी दात जसाच्या तसा राहिला. साधी गोष्ट, पण त्या गल्लीतल्या कुठल्याही चांगल्या कारागिराला ती सुचली नसती. फट ठेवायची म्हणजे त्यांना आईला शिवी दिल्यासारखं वाटलं असतं.

नमुना, एक लोखंडी खटका आणि काकांनी काढलेलं चित्र घेऊन दोघं मालकांकडे गेले. चित्रात फट लिहिलेली नव्हती. हात कसा चालवायचा हे कोणी कागदावर लिहीत नाही. मालक म्हणाले, "ठेवून जा, बघतो."

चार महिन्यांनी नवा कॅटलॉग आला. पान तीन : 'सासरे-जावई खटका. आता पडली तरी सुटणार नाही. निर्माते : सासरे-जावई, बंदूकवाले.' सरकारदरबारी नोंदही त्याच नावानं झाली होती.

काका म्हणाले, "जाऊ दे." मावशीनं जाऊ दिलंही असतं कदाचित. पण मालकांनी मोठ्या गिऱ्हाइकांना जेवायला बोलावलं आणि काकांना दारापाशी उभं केलं, हातात तो लाकडी नमुना देऊन. मालक एकेका पाहुण्याला घेऊन यायचे आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा आमचा माणूस. याच्या पायात छर्रे गेले, तेव्हा आम्हाला हे सुचलं. जरा चालून दाखव रे." आणि काका चालून दाखवायचे. पाहुणे हसायचे, शेजारी उभे असलेले जावईबापूही हसायचे. आठ-दहा पाहुण्यांना त्यांनी चालून दाखवलं. मावशी आत ताटं लावायला होती, तिनं दारातून हे पाहिलं.

घरी येऊन काकांनी नमुना फोडून चुलीत घातला. दोन दिवसांनी ते पुन्हा विनोद करू लागले. मावशी नाही. तिनं माझ्या आईला एवढंच सांगितलं, "मालकांना नाव हवं होतं ना, ते मी त्यांना देईन."

आईला वाटलं, बोलेल आणि विसरेल. आई फार चांगली होती, तिला असंच वाटायचं.

चार वर्षांनी काका न्यूमोनियानं गेले. त्यात मालकांचा काही दोष नव्हता आणि मावशीनंही तो कधी त्यांच्या माथी मारला नाही. तिचा हिशेब एकाच गोष्टीचा होता. काका गेल्यावर पाचव्या दिवशी ती टेबलावर परत बसली. कारखान्यातले सगळे खटके तीच बसवत असे आणि प्रत्येकात ती मुकाट्यानं फट ठेवत असे. का ठेवत होती, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बंदूक ज्याच्या खांद्यावर जाणार त्यानं माझं काय घोडं मारलं होतं?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि घाई कशाला? दिवस यायचा होता."

तो दिवस जावईबापूंनीच आणला. जंगलखात्यानं वनरक्षकांसाठी साठ दुनळ्या मागवल्या. एवढं मोठं काम त्या गल्लीत कोणाला मिळालं नव्हतं. चांगल्या ठरल्या तर पुढे आणखी हजार. जावईबापूंनी नवं भिंग विकत घेतलं आणि टेबलाटेबलावरून फिरू लागले. मावशीच्या टेबलावर थांबले.

"मावशी, तुमच्या खटक्यात हवा जातेय."

"जाऊ दे की साहेब, उकडतंय."

आजूबाजूचे चापवाले फिसकन हसले. जावईबापूंना हसलेलं चालत नसे.

"थट्टा नाही. हा बघा, घोड्याला टेकलेलाच नाही. हात ढिला पडला तुमचा. वय झालं."

"पंचेचाळीस."

"तेच म्हणतोय. यापुढे खटका टेकून बसला पाहिजे."

"लिहून द्या."

"काय?"

"लिहून द्या, साहेब. वय झालं, विसरायला होतं."

त्यांनी लिहून दिलं. कागदावर कारखान्याचं नाव छापलेलं, खाली झोकदार सही. 'खटका घोड्याला पूर्ण टेकून बसवावा. फट अजिबात चालणार नाही.' मावशीनं तो कागद शेगड्यावरच्या भिंतीला टाचला आणि कामाला लागली.

साठ दुनळ्या, म्हणजे एकशेवीस खटके. ते तिचं सगळ्यात सुंदर काम होतं, असं तिच्या शेजारच्या चापवाल्यानं मला पुढे सांगितलं. काजळी अशी पुसली जायची की जणू रुमालानं पुसली. जावईबापू भिंग लावून पाहत आणि मान डोलावत. "हां, आता कसं," म्हणत. मावशी म्हणे, "तुमची कृपा."

बंदूक विकण्याआधी ती चाचणीघरात जायलाच हवी, असा तिथला कायदा होता आणि तो कडक पाळला जाई. तिथे प्रत्येक नळीतून चाळीस बार काढत. मग दोन्ही नळ्यांत नुसती ठिणगीची टोपी असलेली रिकामी काडतुसं घालून, घोडे चढवून, ती गुडघ्याएवढ्या उंचीवरून रबराच्या जाड पट्ट्यावर सोडत. टोपी उडाली तर बंदूक नापास. ना दारू, ना छर्रे, कोणाला इजा व्हायचा प्रश्न नाही. मावशीनं हे सगळं आधीच हिशेबात धरलेलं होतं. तिला कोणाचं रक्त नको होतं, नावच हवं होतं. आणि तेसुद्धा स्वतःचं नव्हे.

तीन दिवस बार काढण्यात गेले. चौथ्या दिवशी बंदुका पाडायच्या होत्या. मी कॉलेजच्या सुट्टीवर होते, मावशी मला म्हणाली, "चल, गंमत दाखवते." तिनं रजा काढली होती. इस्त्रीचे कपडे घातले, थर्मासमध्ये चहा भरला. मला वाटलं सहलीला निघालोय.

चाचणीघराचं अंगण चौकोनी, भिंती उंच, मध्ये काळं रबर. एका बाजूला बाक होते. पहिल्या बाकावर मालक, जावईबापू आणि जंगलखात्याचे दोन अधिकारी. आम्ही शेवटच्या बाकावर. परीक्षक म्हणजे एक टकला, थकलेला माणूस, त्याच्याशेजारी वही घेऊन कारकून. जावईबापू अधिकाऱ्यांना कॅटलॉगचं पान तीन दाखवत होते.

पहिली बंदूक सोडली. धप्. काही नाही. जावईबापूंनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. दुसरी सोडली. धप् आणि त्याच्या मागून टप्. छोटासा आवाज, बाटलीचं बूच उडावं तसा.

"सुटली," परीक्षक म्हणाला.

"एखादी असते," मालक अधिकाऱ्यांना म्हणाले.

तिसरी, टप्. चौथी, टप्. पाचवी टिकली. सहावी, टप्. मी मावशीकडे पाहिलं. ती चहा ओतत होती. दहाव्या बंदुकीनंतर जावईबापूंनी कॅटलॉग मिटला. पंधराव्यानंतर एक अधिकारी उठून उभा राहिला.

कारकुनानं मान वर केली. "साहेब, दोषाच्या रकान्यात काय लिहू? 'चाप न ओढता धक्क्याने आपोआप सुटली' एवढं मावत नाही. प्रत्येक ओळीत लिहायचं म्हणजे हात मोडेल."

परीक्षक डोकं खाजवू लागला. आणि शेवटच्या बाकावरून मावशी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्याला नाव आहे की. कॅटलॉगात छापलंय. सासरे-जावई."

कारकून हसला नाही, त्याची अडचण सुटली होती. त्यानं लिहिलं. पुढची पडली, टप्. "सासरे-जावई," कारकून पुटपुटला आणि लिहिलं. पुढची. "सासरे-जावई." पाच-सहा बंदुकांनंतर परीक्षकच म्हणू लागला. बंदूक टाकायची, टप् झालं की ओरडायचं, "सासरा-जावई", आणि कारकुनानं टिपायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाडणारे दोघे हमालही तेच ओरडत होते. साठातल्या त्रेचाळीस.

जावईबापू बाकांमधून वाट काढत मागे आले. चेहरा पांढराफटक.

"मावशी, काय केलंत हे?"

"तुम्ही लिहून दिलंत ते."

तिनं पिशवीतून तो कागद काढला, पण त्यांच्या हातात दिला नाही. चालत जाऊन परीक्षकाच्या हातात दिला. परीक्षकानं एक बंदूक उघडली, दाताचं गोल झालेलं टोक नखानं चाचपलं, कागद वाचला आणि पुन्हा बंदुकीकडे पाहिलं.

"घोड्याला टेकवायला कोणी सांगितलं?"

"खाली सही आहे," मावशी म्हणाली. "खटक्याच्या निर्मात्यांची."

मी घरी येताना विचारलं, "तू त्यांना आधी सांगितलं होतंस का, की फट लागते म्हणून?"

"तो निर्माता," ती म्हणाली. "निर्मात्याला मी काय शिकवणार?"

जंगलखात्याचं काम गेलं. ते जाणारच होतं. पण मावशीला हवं होतं ते त्याच्यानंतर घडलं. शनिवारपर्यंत गल्लीभर तो शब्द झाला. महिन्याभरात शिकारी लोकांच्या तोंडी बसला. बंदूक पडून सुटली की सासरा-जावई झालं. खराब चापाची बंदूक म्हणजे सासरा-जावई. दुसऱ्या गावांतून दुरुस्तीला येणाऱ्या चिठ्ठ्यांवर लोक लिहू लागले, 'डावी नळी सासरा-जावई आहे, बघावी.' त्यांना पाटी माहीत नव्हती, ती माणसंही माहीत नव्हती. मालकांनी पाटी उतरवली, दुसरं नाव लावलं, कॅटलॉग परत मागवून जाळले. शब्द काही परत मागवता येत नाही. शेवटी ते मासेमारीच्या काठ्या विकू लागले. गिऱ्हाईक काठी हातात घेऊन विचारायचं, "ही सुटणार नाही ना आपोआप?" मालकांनी असं सहा-सात वर्षं ऐकलं आणि मग ते वारले. मावशी तेव्हा प्रेतयात्रेला गेली. कोणी आलं नाही असं व्हायला नको, म्हणाली.

ती स्वतः तोवर चाचणीघरात नोकरीला लागली होती. परीक्षकानंच बोलावलं. त्याला तिनं फट समजावली, त्यानं ती सगळ्या कारखान्यांना समजावली, आणि काकांचा खटका घरोघरी बसू लागला. पण त्याला त्या नावानं कोण हाक मारणार? ते नाव तर दोषाला गेलं होतं. लोक नुसतं 'दुसरा दात' म्हणू लागले. कोणी काढला, कोणाला माहीत नाही आणि कोणी विचारलंही नाही.

म्हणजे बघा, सूड पुरा झाला आणि काका मात्र त्यातून गळून गेले. हे मला बोचायचं. मावशीला बोचत असेल तर ती बोलली नाही.

चाचणीच्या त्या दिवसाला पंचवीस वर्षं झाली. मी कोशाच्या कचेरीत होते आणि आम्ही धंद्यांच्या शब्दांचा कोश करत होतो. बंदुकीचे शब्द माझ्याकडे. प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि उगम लिहायचा, उगमाला लेखी पुरावा हवा. सासरा-जावईला कॅटलॉग होता, चाचणीघराची वही होती. दुसऱ्या दातापुढे मी लिहिलं होतं, 'उगम अज्ञात'. माझ्या स्वतःच्या काकांबद्दल. पुरावा चुलीत गेला होता आणि मावशीचा शब्द म्हणजे नातलगाचा शब्द, तो चालत नव्हता.

एका रविवारी सकाळी मी छपाईचे कच्चे कागद घेऊन मावशीकडे गेले होते. ती तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची, सत्तर वर्षांची, डोळे अधू, हात अजून पक्के. दार वाजलं. जावईबापू होते. पासष्टीचे, जिन्यानं दमलेले, हातात पाकीट. मावशीनं त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

"तुमच्या भाचीच्या कोशात तो शब्द येतोय असं कळलं. माझा नातू इंजिनिअरिंगला आहे," ते म्हणाले. "वर्गात सरांनी हा शब्द फळ्यावर लिहिला. सगळी मुलं हसली, हाही हसला. घरी येऊन मला सांगत होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीही हसलो."

"हं," मावशी म्हणाली. "आमच्याकडेही तीच पद्धत होती."

त्यांनी पाकिटातून टाइप केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी मोठ्यानं वाचला. तो खटका मूळ दस्तेकाकांनी कल्पिला आणि कानसमावशीनं घडवला, तो आम्ही आमच्या नावावर नोंदवला, हे मी शपथेवर सांगतो. काकांचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. खाली सहीची जागा मोकळी होती. मला याच्याहून चांगला लेखी पुरावा जन्मात मिळाला नसता.

"पुन्हा वाच," मावशी म्हणाली.

मी पुन्हा वाचला. काकांच्या नावाशी आले तेव्हा तिनं हात पुढे करून कागदावरच्या त्या ओळीवरून अंगठा फिरवला. लोखंड गुळगुळीत झालंय का ते ती असंच बघायची.

"सही नाही," ती म्हणाली.

"करतो ना. लगेच करतो. दुसऱ्या दातापुढे तुमची दोघांची नावं छापा. फक्त तो दुसरा शब्द कोशातून काढा. लोक बोलतील ते बोलतील, ते मला थांबवता येत नाही. पण छापील पुस्तकात नको. नातवाच्या मुलांनी ते वाचायला नको."

मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, घे. मी मनातल्या मनात तिला ढोसत होते, घे बाई, काकांचं नाव येतंय, घे.

"हे जे लिहिलंय ते खरं आहे ना?" तिनं विचारलं.

"खरं आहे. म्हणून तर लिहिलं."

"मग तसंच देऊन जा. अट कशाला?"

जावईबापूंनी पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"खरं आहे तर करा सही आणि ठेवा तिच्यापुढे. तो शब्द राहू दे कोशात, आणि आमचंही नाव येऊ दे. दोन्ही खरं. काय बिघडलं?"

"मावशी, मी एवढा जिना चढून आलो."

"त्यांनी त्या दिवशी तुमच्या दहा पाहुण्यांना चालून दाखवलं," मावशी म्हणाली. "जिना नव्हता, पण पाय तसा होता. तुम्ही तिथे उभे होतात. तुम्हीही हसत होतात."

जावईबापूंच्या खिशाला पेन होतं. हात एकदा तिथवर गेलाही. मग त्यांनी कागद घडी करून पाकिटात घातला, पाकीट कोटाच्या आत ठेवलं आणि उठले. मावशी त्यांना दारापर्यंत सोडायला गेली नाही.

"तू वेडी आहेस," ते बाहेर पडताच मी म्हणाले. मला खरंच राग आला होता. "काकांचं नाव होतं त्यात."

"होतं ना. पाहिलं मी." तिनं पाण्याचा पेला उचलला. "त्यांनी जाऊ दे म्हटलं असतं. त्यांना सगळंच जाऊ देता यायचं. मला नाही येत. तू काय लिहिलंयस ते सांग, सासरा-जावईच्या पुढे."

मी कागद उचलून वाचला. 'सासरा-जावई : चाप न ओढता केवळ धक्क्याने बंदूक सुटणे, तशी सुटणारी बंदूक. निर्मात्यांच्या नावावरून.' आणि म्हणाले, "पण हे 'निर्मात्यांच्या' खोटं आहे. तुला माहीत, मला माहीत, आता त्यांनीही कबूल केलं. मी तो शब्द तरी काढते."

"हात लावू नकोस त्याला," मावशी म्हणाली. "त्यांनी स्वतः छापला होता. निर्मातेच म्हण त्यांना. कायम म्हण." मग तिनं दाराकडे बोट केलं. "ते उघड. त्याला तीन मजले उतरायला वेळ लागतो. आणि आता जरा मोठ्यानं वाच."

मी दार उघडलं आणि वाचलं.